‘द थर्ड मॅन’वरची लाल रेघ पुसा: वाचनालयाच्या चित्रपट समितीला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि चित्रपट समितीचे सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

सोमवारी सकाळी पेपर वाचायला आलो तेव्हा फलकावर श्रावणातल्या चार शनिवारांची यादी पाहिली. ‘गाजलेले गुन्हेगारीपट’ असा मथळा, खाली चार नावं आणि तिसऱ्या नावावर लाल बॉलपेनची आडवी रेघ. चष्मा पुसून वाचलं. रेघेखालचं नाव ‘द थर्ड मॅन’. बाजूला बारीक अक्षरात ‘रद्द. त्याऐवजी रंगीत.’ कुठला रंगीत ते अजून ठरलेलं नाही, पण रंगीत असणार एवढं नक्की.

ग्रंथपाल बाईंकडून इतिवृत्ताची वही मागून घेतली. आजीव सभासदाला ती बघता येते, तेव्हा बाईंना कुणी बोलू नये. वहीत तीन कारणं आहेत. चित्रपट १९४९ सालचा आणि कृष्णधवल आहे. भाषा इंग्रजी, त्यात मधूनच जर्मन, आणि खाली पट्टीही येत नाही. तिसरं कारण जसंच्या तसं लिहितो: ‘चित्रपटात गुन्हा दिसतच नाही, निव्वळ नावाजलेला आहे.’ बैठकीत एका सदस्याने ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ असंही म्हटलं म्हणे. दुसऱ्याने मोबाइलवर वीस मिनिटं पाहून, ‘ह्या काय बघूचा? काळोखात कोण खंय जाता ताच कळणा नाय,’ असा निकाल दिला.

पहिल्या दोन कारणांवर मी गप्प बसलो असतो. पण तिसऱ्यावर बोलायचा अधिकार या गावात माझ्याइतका फार थोड्यांना असेल. मी सिनेमातला जाणकार नाही. एसटी स्टँडसमोर छत्तीस वर्षं औषधाचं दुकान चालवलं. तुमच्यापैकी निम्म्यांच्या पोरांना ग्राइप वॉटर माझ्याच काउंटरवरून गेलंय. आणि ‘द थर्ड मॅन’मधला गुन्हा औषधाचा आहे. तो दिसत नाही हे खरंच. औषधातला गुन्हा दिसत नसतोच, आणि तो न दाखवता प्रेक्षकाच्या अंगावर आणता येतो हे या चित्रपटाने करून दाखवलं. त्याचं नाव झालं ते त्यासाठी, असं माझं म्हणणं आहे. बाकी सगळं, तिरका कॅमेरा, सावल्या, संगीत, या एका गोष्टीच्या मागून येतं.

मी तो पहिल्यांदा पाहिला १९७९ साली पुण्यात. फार्मसीच्या डिप्लोमाला होतो. खोलीतला जोडीदार फिल्म अर्काइव्हच्या खेळांना जायचा, एकदा मलाही ओढून घेऊन गेला. माझं इंग्रजी डिप्लोमाच्या पुस्तकापुरतं. पडद्यावर चाललेलं निम्मं डोक्यावरून गेलं. मध्येच एक शब्द कानावर पडला, ‘पेनिसिलिन’, आणि मी ताठ बसलो. तो शब्द माझा होता.

ज्यांनी पाहिला नाही (म्हणजे वीस मिनिटं धरूनही समितीतले बहुतेक सगळे) त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलंय. व्हिएन्ना शहराचे अमेरिकन, ब्रिटिश, फ्रेंच आणि रशियन असे चार वाटे झालेत. मधला भाग चौघांचा सामाईक, तिथे एकाच जीपमधून चार देशांचे चार शिपाई गस्त घालतात. चार भावांत वाटणी होऊन माजघर तेवढं सामाईक राहिलेलं घर कोकणात कुणी पाहिलं नसेल असं नाही. तिथे दिवा कुणी लावायचा हे शेवटपर्यंत ठरत नाही. तसं हे शहर. अर्धं बॉम्बनी पडलेलं. १९४८ साली प्रत्यक्ष तिथेच जाऊन चित्रण केलंय, त्यामुळे विटा-मातीचे ढीग सेटवरचे नाहीत.

या शहरात हॉली मार्टिन्स नावाचा अमेरिकन लेखक येतो. स्वस्त काउबॉय कादंबऱ्या लिहिणारा, खिशात पैसे नसलेला, जरा भोळाच. त्याला हॅरी लाइम या शाळेपासूनच्या मित्राने नोकरी देतो म्हणून बोलावलेलं असतं. पोचतो तो हॅरीच्या अंत्यविधीलाच. मोटारीखाली गेला म्हणतात. रस्त्यावरून त्याला उचलून नेणारे दोघे होते, असं हॅरीचे मित्र सांगतात; इमारतीचा रखवालदार म्हणतो तीन होते. तो तिसरा कोण, हे हॉली शोधायला निघतो. ब्रिटिश पोलिस अधिकारी मेजर कॅलोवे त्याला सांगतो, परत जा, तुझा मित्र चांगला माणूस नव्हता. मित्राबद्दल असं ऐकल्यावर कोण परत जाईल?

जवळजवळ तासभर आपण हॅरीबद्दल नुसतं ऐकत राहतो. हॉली सांगतो तो शाळेतला खोडकर, सगळ्या युक्त्या ठाऊक असलेला. अॅना ही नाटकात काम करणारी त्याची प्रेयसी सांगते तो हसवणारा, तिला खोटे का होईना कागदपत्रं मिळवून देणारा. आपल्याला तो आवडायला लागतो. इतका की कॅलोवे खडूस वाटतो.

दिग्दर्शक कॅरोल रीड आणि पटकथाकार ग्रॅहम ग्रीन यांनी आपल्याला इथपर्यंत आणून ठेवलं की मग मेजर कॅलोवे कागद उलगडतो. हॅरी लष्करी इस्पितळांतून चोरलेलं पेनिसिलिन विकत होता. जास्त नफा व्हावा म्हणून ते पातळ करून. जखमा सडलेली माणसं, बाळंतिणी आणि मेंदूज्वराची मुलं यांना ते टोचलं गेलं. मुलांपैकी जी वाचली त्यांच्यापेक्षा मेलेली नशीबवान, असं कॅलोवे म्हणतो.

आता समितीने जरा थांबून ऐकावं, कारण इथे मला बोलायचंय.

आज पेनिसिलिन म्हणजे नाक मुरडण्याइतकं जुनं औषध झालंय. पण त्या काळी ते सोनं होतं. फ्लेमिंगला लंडनमध्ये १९२८ साली बुरशी दिसली, पण माणसाला देण्याइतकं औषध ऑक्सफर्डच्या फ्लोरी आणि चेन यांच्या चमूने बनवेपर्यंत १९४१ उजाडलं. त्यांचा पहिला रोगी एक पोलिस शिपाई होता. एका दिवसातच सुधारू लागला. औषध इतकं थोडं की त्याच्या लघवीतून ते परत काढून पुन्हा त्यालाच टोचत होते. तेही संपलं आणि माणूस गेला. चित्रपट येतो तो यानंतर अवघ्या आठ वर्षांनी. व्हिएन्नातल्या प्रेक्षकाला ती कुपी म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नव्हतं. आपल्याकडे पिंपरीचा सरकारी कारखाना निघाला तोच १९५० च्या दशकात.

आणि पातळ केलेलं औषध म्हणजे कमी औषध, असं ज्यांना वाटतं त्यांनाही सांगतो. अर्धा कप चहा आणि पूर्ण कप चहा, असा तो हिशेब नाही. फ्लेमिंगला १९४५ साली नोबेल मिळालं तेव्हाच्या भाषणात त्याने धोका सांगून ठेवलाय: जंतू मरणार नाहीत एवढंच औषध दिलं तर ते सोसायला शिकतात. शिवाय डॉक्टरला वाटतं औषध चालू आहे, म्हणून तो दुसरं काही करत नाही. आईला वाटतं इंजेक्शन दिलंय, आता उतार पडेल. सगळे थांबून राहतात. वीस तास, तीस तास. मेंदूज्वरात तेवढे तास पुरतात. सुरीने मारणाऱ्याला निदान समोर उभं राहावं लागतं. मुंबईत १९८६ साली भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रुग्ण गेले, न्यायमूर्ती लेंटिन यांनी चौकशी केली, तो अहवाल आमच्या धंद्यातल्या जुन्या माणसांना अजून आठवतो. त्यातही कुणी कुणावर हात उचललेला नव्हता. कागद होते, सह्या होत्या, आणि बाटल्या होत्या.

म्हणून विचारतो, ‘गुन्हा दिसत नाही’ म्हणजे काय दिसायला हवं होतं?

इस्पितळाचं दृश्य पाहा. कॅलोवे हॉलीला मुलांच्या वॉर्डात नेतो. खाटांची रांग आहे, परिचारिका आहेत, पण एकाही मुलाचा चेहरा कॅमेरा दाखवत नाही. आपल्याला दिसतो खाटेत डोकावणारा हॉलीचा चेहरा. कुणी बोलत नाही. एक परिचारिका कापडी अस्वल उचलते आणि खोक्यात टाकते, ते डोक्यावर पडतं. बस्स. त्या मुलाला आता खेळणं लागणार नाही हे आपण आपलं समजायचं. दुसऱ्या कुणी हेच दृश्य केलं असतं तर रडणारी आई, मागे व्हायोलिन, गळ्यापर्यंत आणलं असतं. इथे एक मिनिटसुद्धा लागत नाही. मी हा चित्रपट सात-आठ वेळा पाहिला असेल, त्या अस्वलापाशी दर वेळी पाण्याचा घोट घ्यावा लागतो.

याचं कारण फक्त सिनेमा नाही. माझाही एक हॅरी होता.

नाव लिहीत नाही; तो आता नाही, आणि त्याची मुलं चांगली आहेत. शाळेत माझ्या बाकावरचा. कबड्डीत पट्टीचा चढाईवाला, वर्गात मास्तरांची नक्कल करून मास्तरांनाच हसवणारा. मला पोहायला त्याने शिकवलं, जेट्टीवरून ढकलून. १९९१ च्या पावसात तो एक दिवस दुकानात आला, सोबत दोन खोकी. मुंबईहून आलेला माल, बिल नाही, किंमत माझ्या खरेदीच्या निम्मी. बेंझाथिन पेनिसिलिन, बारा लाख युनिटच्या कुप्या. सांध्यांच्या तापाने ज्या मुलांच्या हृदयाची झडप धरलेली असते त्यांना हे इंजेक्शन दर २१ दिवसांनी, वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. आमच्याकडे अशी तीन मुलं नेमाने यायची. त्यातल्या एका मुलीची आई मासळी विकून थेट दुकानात यायची, नोटा ओल्या असायच्या.

खोटं सांगत नाही, मोह झाला. त्या बाईला निम्म्या पैशांत देता येईल असंही मनाशी म्हणून घेतलं. मोह नेहमी असा सदरा घालूनच येतो. रात्री शटर अर्धं ओढल्यावर एक कुपी फोडली, डिस्टिल्ड वॉटर घातलं आणि हलवली. बेंझाथिन पाण्यात विरघळत नाही. हलवलं की दुधासारखं पांढरं होतं, दाट, सुईत अडकणारं. परिचारिका त्यावर वैतागतात. ही कुपी दोन झटक्यांत निवळशंख झाली. साखर घातल्यासारखी. त्यात काय होतं कोण जाणे, जे असायला हवं ते नव्हतं. ट्यूबलाइटसमोर धरली तर पलीकडची कॅलेंडरची तारीख वाचता येत होती.

दुसऱ्या दिवशी त्याला दाखवलं. तो हसला. “अरे, पाण्यात झटक्यात विरघळता म्हणजे माल बराच ना रे!” असं म्हणाला, आणि माझ्या पाठीवर थाप मारली. त्याच्या हसण्यात खोट नव्हती. तेच भयंकर होतं. आणि मला तरी कुठे राग आला? मी खोकी परत केली, चहा मागवला, आम्ही दोघांनी प्यायला. औषध निरीक्षकाला मी कळवलं नाही. ती खोकी पुढे कुठल्या तालुक्यात गेली ते विचारलं नाही.

तेव्हा हॉली मार्टिन्स पडद्यावर घुटमळतो, आधी मित्राला पकडून द्यायला तयार होतो, मग नाही म्हणतो, मग इस्पितळातून बाहेर आल्यावर हो म्हणतो, त्याला ‘पात्राची विसंगती’ म्हणणाऱ्यांशी मी भांडत नाही. त्यांना तसा मित्र भेटलेला नसतो, एवढंच.

आता हॅरीच्या प्रवेशाकडे येतो, कारण सगळं जग त्याबद्दल बोलतं, आणि बरोबरच बोलतं. आपल्या दशावतारात राक्षस येतो तो आरोळी ठोकत. पेंगणारी पोरं दचकून आयांना बिलगतात, मृदंगावर थाप पडते. हॅरी येतो तो असा: रात्र, ओली फरसबंदी, एका दाराच्या कोनाड्यात काळोख. मांजर तिथे जाऊन कुणाच्या तरी बुटाशी अंग घासतं. ते मांजर हॅरीशिवाय कुणाला जवळ करत नाही हे आपल्याला थोडं आधी सहज बोलता बोलता सांगून ठेवलेलं असतं. हॉली दारूच्या तारेत त्या काळोखाला उद्देशून ओरडतो. आवाजाने समोरच्या माडीवरची बाई खिडकीतला दिवा लावते, आणि उजेड कोनाड्यातल्या चेहऱ्यावर पडतो. हॅरी जिवंत! आणि तो काय करतो? भुवई किंचित उचलून हसतो. पकडलं बुवा मला, असं. हॅरी झालेल्या ऑर्सन वेल्सचं काम सबंध चित्रपटात थोड्या मिनिटांचं आहे, पण ते हसू पाहिलं की वाटतं आधीचा तासभर तो पडद्यावरच होता.

मुद्दा असा, की तेव्हा आपल्याला पेनिसिलिनचं सगळं ठाऊक झालेलं असतं. तरी आपल्याला आनंद होतो. मित्र जिवंत आहे! मी पुण्यात अंधारात मोठ्याने हसलो होतो. नंतर लाज वाटली. प्रेक्षकाला अशी लाज वाटायला लावणं सोपं काम नाही हो.

पुढचा पाळणा तर तुम्ही ऐकून असाल. व्हिएन्नाच्या प्राटर बागेतलं ते प्रचंड चक्र, १८९७ सालचं. जत्रेतल्या पाळण्यासारखं, फक्त डबे रेल्वेच्या डब्याएवढे. वर गेल्यावर हॅरी दार उघडतो, खालची माणसं दाखवतो, ती ठिपक्यांएवढी दिसतात. त्यातला एक ठिपका हलायचा थांबला तर तुला खरंच वाईट वाटेल का, असं विचारतो. प्रत्येक ठिपक्यामागे वीस हजार पौंड देईन म्हटलं तर नको म्हणशील का, आणि वर आयकर नाही. हे सगळं मित्राच्या गळ्यात हात घालण्याच्या सुरात. खाली उतरल्यावर इटलीतली रक्तपातातून आलेली कला आणि स्वित्झर्लंडच्या पाचशे वर्षांच्या शांततेतून आलेलं कोकिळेचं घड्याळ, हे प्रसिद्ध वाक्य टाकून निघून जातो. ते वाक्य ग्रीनचं नाही, वेल्सने स्वतः घातलं. मागाहून स्विस लोकांनी त्याला कळवलं की ती घड्याळं जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमधली आहेत, आमची नव्हेत! म्हणजे हॅरीचं सगळ्यात टाळ्या घेणारं वाक्यसुद्धा भेसळीचंच निघालं. मला यात फार समाधान वाटतं. आपल्याकडेही परजिल्ह्याचा नाही, परराज्याचा आंबा देवगडच्या छापाच्या पेटीत बसतो, आणि पेटी बांधणारा हॅरीसारखंच छान बोलतो.

काळोखाच्या तक्रारीबद्दल. छायालेखक रॉबर्ट क्रॅस्कर याला याच कामाचं ऑस्कर मिळालं. कॅन महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक १९४९ सालीच मिळालं, आणि ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने १९९९ साली शतकातले ब्रिटिश चित्रपट निवडले तेव्हा हा पहिला आला. पारितोषिकांनी तुमचं मत बदलावं असं मी म्हणत नाही, इतिवृत्तात ‘निव्वळ नावाजलेला’ असं लिहिलंय म्हणून नोंदवतो. कॅमेरा बरेचदा तिरका आहे, भिंती कलतात, जिने घसरतात. हे पाहून विल्यम वायलर या दिग्दर्शकाने रीडला गमतीने गवंड्याची पाणसळ भेट पाठवली होती, पुढच्या वेळी कॅमेऱ्यावर ठेव म्हणून. मलाही दोन-चार ठिकाणी तिरकेपणा जास्त वाटतो. पण ज्या शहरात चांगला मित्र खुनी निघतो आणि खडूस अधिकारी खरं बोलतो, तिथे सरळ काय उभं राहणार? शिवाय मुलांच्या वॉर्डात मला तो तिरकेपणा आठवत नाही, आठवते ती फक्त शांतता.

भाषेचं म्हणाल तर तोच या चित्रपटाचा कावा आहे. व्हिएन्नातली माणसं जर्मन बोलतात आणि खाली पट्टी मुद्दाम दिलेली नाही, कारण हॉलीलाही जर्मन येत नाही. घरमालकीण काय कटकट करतेय, चेंडू घेतलेलं ते पोरगं गर्दीत हॉलीकडे बोट दाखवून काय ओरडतंय, हे त्याला कळत नाही तसं आपल्यालाही. त्याच्या पाठीवर जी भीती चढते ती आपल्याही. मुंबईत पहिल्यांदा गेलेल्या माझ्या आजीला हे न शिकवता कळलं असतं.

संगीताबद्दल मात्र थोडं सैल सोडा मला. मोठा वाद्यवृंद नाही. सगळा चित्रपट एका झिथरवर. आपलं स्वरमंडळ असतं ना, गवई मांडीवर घेऊन छेडतात, त्याच्या नात्यातलं वाद्य. अँटोन कारास नावाचा वादक व्हिएन्नात वाजवत होता, रीडने ऐकला आणि तोच पाहिजे म्हणून हट्ट धरला. सुरुवातीला नावं येतात ती झिथरच्या थरथरणाऱ्या तारांवरच. सूर खेळकर आहे, गल्लीतून शीळ घालत जाणाऱ्या माणसाचा. मुलांचं मरण आणि हा सूर, यांचा मेळ बसत नाही, असं प्रथम वाटतं. नंतर लक्षात येतं की तो सूर हॅरीचा आहे. त्याला काहीच वाटत नाही, म्हणून तो असा वाजतो. दशावतारात पेटी, मृदंग आणि झांज एवढ्यावर अख्खं युद्ध होतं हे ज्यांनी देवळासमोर रात्र जागून पाहिलंय, त्यांना एका वाद्याची ताकद मी सांगायला नको.

गटारातला पाठलाग समितीला आवडेल, तो ‘दिसणारा’ आहे. शहराखालची भुयारं, धबाबा पाणी, विजेऱ्यांचे झोत, चहूकडून येणारे आवाज. गोळी लागलेला हॅरी लोखंडी जिना चढून वर येतो, रस्त्यावरची जाळी उचलायला बघतो, उचलत नाही. वरून कॅमेरा दाखवतो जाळीतून बाहेर आलेली त्याची बोटं, वाऱ्यावर हलणारी. मघाशी पाळण्यातून ज्याला माणसं ठिपक्यांएवढी दिसत होती, त्याची आता फक्त बोटं दिसतात. कुणी काही बोलत नाही. शेवटची गोळीसुद्धा आपण पाहत नाही, ऐकतो.

एवढं सगळं लिहून माझी एकच मागणी आहे. तिसऱ्या शनिवारची लाल रेघ पुसा. पुसता येत नसेल तर वर कागद चिकटवा. प्रेक्षक कमी येतील, येऊ देत. पावसाचे दिवस, बोटी बंदरात ओढलेल्या, माणसांना वेळ आहे. मी सुरुवातीला पाच मिनिटं उभं राहून मराठीत गोष्टीचा धागा सांगायला तयार आहे, फक्त तिसरा माणूस कोण ते सांगणार नाही. (या पत्रात सांगून टाकलं, खरंय. फलकावर लावताना तेवढा परिच्छेद झाकून घ्या.)

आणि एक विनंती, ती खेळ लावणाऱ्या मुलाला नीट समजावून सांगा. शेवटी हॅरीचा दुसरा अंत्यविधी होतो, या वेळी खरा. ते आटोपल्यावर हॉली गाडीतून उतरतो आणि दफनभूमीच्या लांब सरळ रस्त्याकडेला अॅनाची वाट बघत उभा राहतो. त्याने हॅरीला मारलंय, तिने हॅरीची साथ सोडलेली नाही, सगळं कळल्यावरसुद्धा. दोघांपैकी कोण बरोबर हे मला छत्तीस वर्षं काउंटरमागे उभं राहून ठरवता आलं नाही. ग्रीनला शेवट गोड हवा होता, तिने त्याच्या हातात हात घालावा असा. रीड ऐकला नाही, आणि रीडचंच बरोबर होतं हे पुढे ग्रीनने स्वतः लिहून कबूल केलं. तर ती खूप लांबून, ठिपक्याएवढी असल्यापासून, चालत येते. वर झाडांची पानं गळतायत. काही घडत नाही, नुसतं झिथर. आपल्या हॉलमध्ये अशा वेळी कुणीतरी उठतं, दिवे लागतात, खुर्च्या खडखडतात, छत्र्या शोधल्या जातात. तसं करू नका. ती हॉलीच्या समोरून जाईपर्यंत, कॅमेऱ्याच्याही पुढे निघून जाईपर्यंत आणि त्याने सिगारेट पेटवेपर्यंत स्विचबोर्डाजवळ कुणालाही उभं करू नका.

कळावे,
आपला,
एक आजीव सभासद
(निवृत्त औषधविक्रेता, एसटी स्टँडसमोर)

ता. क. गेल्या महिन्यात हॉलमधला डावा स्पीकर घरघरत होता. झिथर त्यातून लावू नका. माझ्या घरचा शुक्रवारी संध्याकाळी आणून ठेवतो, मात्र रिक्षाचे पैसे वाचनालयाने द्यावेत.